डेडली प्रीमोनिशन: इतका सदोष गेम, तरी जीव का लावतो?

रातकिडा

'डेडली प्रीमोनिशन' दुसऱ्यांदा खेळून संपवला. पहिल्यांदा खेळलो तेव्हा वाटलं होतं, नवलाईमुळे आवडला असेल. आता खात्रीने सांगतो, नवलाई नव्हती. म्हणून हा धागा. ज्यांना हा गेम सहन होत नाही त्यांनी जरूर लिहावं, मला त्यांचंही ऐकायचं आहे.

आधी ओळख. हा २०१० सालचा सर्व्हायव्हल हॉरर, म्हणजे भीतीच्या वातावरणात जीव वाचवत पुढे जायचा गेम. ओसाकाच्या अ‍ॅक्सेस गेम्सने बनवलेला. दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो, सगळे त्यांना स्वेरी म्हणतात. अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर तो २० डॉलरला आला, त्या काळी नवा मोठा गेम ६० डॉलरला असायचा. गेमची समीक्षा करणाऱ्या आयजीएन या साइटने १० पैकी २ दिले. तशाच डिस्ट्रक्टॉइड साइटने १० पैकी १०. समीक्षकांमध्ये सगळ्यात जास्त मतभेद झालेला सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून गिनीजने त्याची नोंद केली.

गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीनव्हेल नावाच्या काल्पनिक गावातली. जंगल, लाकडाची वखार, पाऊस. अ‍ॅना ग्रॅहम नावाच्या तरुण मुलीचं प्रेत जंगलात झाडाला बांधलेलं सापडतं आणि तपासासाठी एफबीआयचा एजंट फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन येतो. हा यॉर्क सतत झॅकशी बोलतो. झॅक कुणालाच दिसत नाही. चार माणसांत बोलता बोलता यॉर्क मध्येच थांबतो, 'बरोबर ना, झॅक?' असं विचारतो, आणि काही वेळा त्याचं उत्तर आपल्याला निवडायचं असतं. 'ट्विन पीक्स' या १९९० च्या मालिकेची छाप अगदी उघड आहे. २००७ च्या टोकियो गेम शोमध्ये तो 'रेनी वुड्स' नावाने दाखवला तेव्हा साम्य इतकं होतं की नंतर बरंच काही बदलावं लागलं.

दोष मीच सांगून टाकतो. ग्राफिक्स प्रकाशित झाला त्या दिवशीच जुनाट होते. गोळीबार कंटाळवाणा आहे. गाडी रांगते. पार्श्वसंगीत कधीकधी संवादांच्या डोक्यावर चढतं, आणि गंभीर प्रसंगातही ती आनंदी शिट्टीची धून वाजत राहते.

आता पहिल्या सकाळचा नाश्ता आठवा. ग्रेट डिअर यार्ड हॉटेलचं जेवणघर. लांबच लांब टेबल. एका टोकाला यॉर्क, दुसऱ्या टोकाला हॉटेलची मालकीण पॉली, वय झालेली, कानाने कमी ऐकणारी. यॉर्क विचारतो एक, तिला ऐकू जातं भलतंच. तो पुन्हा विचारतो. टेबल इतकं लांब की दोघांमधलं अंतर बघूनच एकटेपणा जाणवतो. मग यॉर्क कॉफीत दूध सोडतो, आणि त्या पांढऱ्या रेषांमध्ये त्याला दोन अक्षरं दिसतात: एफ आणि के. त्याच्या दृष्टीने हा पुरावाच. तो लगेच झॅकला सांगतो. तपासाचा पहिला धागा हा असा, कॉफीच्या कपात.

या गेमने मला त्या गावात राहायला लावलं. घड्याळ चोवीस तास चालतं. दुकानं वेळेवर उघडतात, वेळेवर बंद होतात. प्रत्येक माणसाचा दिवस ठरलेला आहे. कोण कधी कामावर जातं, कोण कधी घरी येतं हे खिडकीतून डोकावून बघता येतं. यॉर्कची दाढी वाढते, ती करावी लागते. सूट बदलला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंघावतात. त्याला भूक लागते, झोप येते. असे आठ-दहा दिवस त्या गावात काढल्यावर पुढचा खून होतो तेव्हा मेलेलं माणूस ओळखीचं असतं. तिची गाडी कुठे उभी असायची हे आपल्याला ठाऊक असतं. हॉरर गेममध्ये मला भीती पुष्कळदा वाटली आहे. हळहळ वाटायला लावणारे गेम मात्र फार थोडे, त्यात हा आहे.

सातबारा

रातकिडा, लिहिलंय मनापासून, पण मत अजिबात पटलं नाही. मी या गेमला २ देणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि कारणं सांगतो.

मुलं झोपल्यावर मला रात्री साडेदहा ते साडेबारा एवढाच वेळ मिळतो. त्या दोन तासांवर हा गेम कसा हक्क सांगतो ते बघा. नकाशा उघडला की तो गाडीच्या तोंडाप्रमाणे फिरलेला असतो. सगळं गाव एका नजरेत दिसेल इतका लांबून बघता येत नाही. म्हणजे कुठे जायचंय ते कळतं, पण कुठून जायचं ते कळत नाही. गावापासून हॉटेल लांब, पोलिसांच्या गाडीला वेग नाही, रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही. वर त्या गाडीत पेट्रोल भरायचं. ज्या दुकानात जायचं ते पोहोचेपर्यंत बंद. मग सिगारेट ओढून घड्याळ पुढे ढकलायचं. यातलं काय म्हणून 'गावात राहणं' आहे?

लढाईचं तर तुम्हीच कबूल केलंत. वखारीतल्या त्या सावल्या, पाठीतून मागे वाकून चालणाऱ्या, पहिल्यांदा समोर येतात तेव्हा मीही दचकलो. श्वास रोखून त्यांच्या शेजारून जायचं ही कल्पनाही चांगली आहे. पण पुढे इस्पितळ घ्या, आर्ट गॅलरी घ्या: तेच बोळ, तोच लाल वेलींचा वेढा, तेच 'मरायचं नाही' म्हणून कण्हणं, आणि एकेका सावलीच्या डोक्यात गोळ्या मारत बसणं. भीती पहिल्या वीस मिनिटांत संपते, काम तासभर उरतं.

आचारी मनापासून राबला म्हणून कच्ची भाकरी भाजलेली होत नाही. तुम्ही सगळे या गेमच्या तळमळीला गुण देताय. मी हातात जे आलं त्याला देतो.

पानगळ

सातबारांना +१. चौथ्या प्रकरणाच्या पुढे जाऊ शकले नाही. शिट्टीची ती धून अजून डोक्यात आहे, आणि ती चांगल्या कारणासाठी नाही.

कोरा चहा

लढाईबद्दल एक गोष्ट इथे यायला हवी. स्वेरींच्या मूळ कल्पनेत हा गोळीबार नव्हता. बंदूक नसलेला गेम पाश्चात्त्य बाजारात खपणार नाही या प्रकाशकांच्या धास्तीपोटी तो नंतर घातला गेला. ते माहीत झाल्यावर गेम पुन्हा बघा, सांधा स्पष्ट दिसतो. यॉर्क दार उघडतो, जग लाल होतं, तासभर गोळ्या झाडतो, बाहेर येतो, आणि गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दोन वेगळे गेम एका दोऱ्याने टाचलेत.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. २०११ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये स्वेरींचं भाषण झालं होतं. विषय असा की गेम बंद केल्यावरही खेळणाऱ्याने त्याचा विचार करत राहावं यासाठी काय करायचं. त्यांचं एक उत्तर अगदी साधं: रोजच्या आयुष्यातल्या क्रिया गेममध्ये घाला. कॉफी, दाढी, सिगारेट. मग माणूस खरोखर दाढी करायला आरशासमोर उभा राहील तेव्हा त्याला यॉर्क आठवेल.

माझ्या बाबतीत हे शब्दशः खरं ठरलं. खेळून कितीतरी वर्षं झाली. आजही कॉफीत दूध ओतताना चमचा फिरवायच्या आधी माझा हात क्षणभर थांबतो.

म्हणून, सातबारा, दाढी आणि माश्या हा चुकून राहिलेला पसारा नाही. विचार करून ठेवलेली गोष्ट आहे. नकाशा ही चूक आहे. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका.

सातबारा

प्रकाशकाने घालायला लावलं हे मान्य. पण मी तो तास खेळलोच ना. लढाई कुणाच्या आग्रहाने आली याने माझ्या त्या तासाचा कंटाळा कमी होत नाही.

दाढीचं म्हणणं मात्र विचार करण्यासारखं आहे. त्यावर लगेच उत्तर देत नाही.

निशाचर

ज्यांना वाचून खेळावासा वाटतोय त्यांच्यासाठी: २०१३ ची पीसी आवृत्ती तशीच चालवू नका. ती ७२० पी या कमी स्पष्ट चित्राच्या रिझोल्यूशनला अडकवलेली आली होती. ड्युरांटे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉडरने (गेममध्ये बाहेरून बदल करणाऱ्याने) डीपीफिक्स नावाचा दुरुस्तीचा मॉड काढला, तो आधी टाका. तरी मधूनमधून बंद पडण्याची तयारी ठेवा आणि सेव्ह करत राहा. त्याच वर्षीच्या डायरेक्टर्स कटमध्ये कंट्रोल सुधारलेत आणि लढाई सोपी केलीय. २०१९ ला स्विच या कन्सोलवर 'ओरिजिन्स' म्हणून आला तो मूळ एक्सबॉक्स ३६० आवृत्तीच्या जवळचा आहे.

माझं मत रातकिडा यांच्या बाजूचं, पण पीसीवाल्यांना १० पैकी १० असं सांगून कुणी फसवू नये.

उंबरठा

इतका वेळ वाचतेय आणि सगळे नकाशा, गाडी, रिझोल्यूशन यावर बोलताहेत. मला या गेमचा खरा दोष वेगळा वाटतो आणि तो कुठल्याही मॉडने जाणारा नाही. (पुढे स्पॉयलर आहेत.)

या गेममध्ये बायका कशा मरतात ते बघा. अ‍ॅना झाडावर. मग बेकी, डायेन, कॅरल. प्रत्येकीचं प्रेत म्हणजे एक मांडणी, एक देखावा. कॅमेरा त्याभोवती फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. शेवटी एमिली. ती डेप्युटी शेरीफ, सुरुवातीपासून यॉर्कला खडसावणारी, स्वतःचं डोकं वापरणारी, आणि तिचाही शेवट तसाच, सगळ्यांत वाईट. खेळणाऱ्याला तिचा जीव लागावा म्हणून इतके तास घालवायचे आणि मग तिचं दुःख नायकाच्या पदरात टाकायचं. ती स्वतः कुठे उरते?

आणि थॉमस. शेरीफच्या कचेरीतला लाजाळू, बिस्किटं भाजणारा थॉमस. गेमभर त्याला मायेने रंगवलंय. मग शेवटाकडे तो बायकांच्या कपड्यांत समोर येतो आणि तेवढ्याने तो भयंकर झाला असं आपण समजायचं. त्याच्या प्रेमाला गेमने अक्राळविक्राळ करून टाकलं.

'सदोष पण प्रेमळ' असं या गेमबद्दल लिहिलं जातं तेव्हा मला दर वेळी विचारावंसं वाटतं, हे प्रेम नक्की कुणाच्या वाट्याला आलं?

रातकिडा

उंबरठा, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि दिवसभर मनात होता.

थॉमसबद्दल माझ्याकडे बचाव नाही. पहिल्यांदा खेळताना मी ते नुसतं 'विचित्र' म्हणून पुढे गेलो होतो. दुसऱ्यांदा ते बघवलं नाही, आणि वर दोषांची यादी करताना मी ते लिहिलंही नाही. गाडीचा वेग आठवला, हे राहिलं. ती माझी चूक.

एमिलीबद्दल मात्र थोडा वाद घालतो. तिचा मृत्यू मला यॉर्कच्या दुःखापुरता वाटला नाही, कारण मी तिला यॉर्कशिवायही पाहिलं होतं. तिच्या घराच्या खिडकीतून. तिला स्वयंपाक येत नाही हे मला माहीत होतं. गोष्टीने तिला कमी दिलं, पण त्या चोवीस तासांच्या घड्याळाने तिला एक स्वतंत्र दिवस दिला होता. गोष्ट एक सांगते आणि गाव दुसरंच सांगतं, असं काहीसं या गेममध्ये होत राहतं.

उंबरठा

खिडकीतून पाहिलंत, हेच मला टोचतं. तिला ते माहीत नव्हतं.

पण तुमचा मुद्दा कळला. गावाने तिला जे दिलं ते गोष्टीने काढून घेतलं, असं मी म्हणेन. राग त्याचाच आहे. ती कागदी बाहुली असती तर मी इतकं लिहिलंच नसतं.

कोरा चहा

या संदर्भात पुढचं सांगायला हवं. २०१८ मध्ये स्वेरींनी त्यांच्या व्हाइट ओल्स या नव्या स्टुडिओतून 'द मिसिंग' हा गेम काढला. त्यात लिंगओळखीचा विषय गाभ्याशी आहे आणि तो पुष्कळ जणांना जिव्हाळ्याने हाताळलेला वाटला. २०२० मध्ये 'डेडली प्रीमोनिशन २' आला आणि त्यातल्या ट्रान्स पात्राच्या चित्रणावर रास्त टीका झाली. स्वेरींनी जाहीर माफी मागितली, ते प्रसंग बदलू असं सांगितलं आणि संवाद बदलले. माफीने मूळ गेम बदलत नाही. पण माणूस ऐकणारा आहे, एवढं दिसलं.

निशाचर

दुसऱ्या भागाचा विषय निघालाच तर: लुइझियानातलं गाव, गाडीऐवजी स्केटबोर्ड, आणि स्विचवर फ्रेमरेट (चित्र बदलण्याचा वेग) इतका पडायचा की मोकळ्या रस्त्यावर चित्र अडखळायचं. पहिल्या भागातल्या उणिवा चाहत्यांनी डोक्यावर घेतल्या, म्हणून त्या दुरुस्त करायची निकड कुणाला वाटली नसावी, असं मला वाटतं. दोष गोड मानून घेण्याचा हा तोटा आहे. रातकिडा, यावर तुमचं मत हवं.

रातकिडा

बरोबर आहे, आणि हे मला बोचतं. पहिल्या भागात दोषांमधूनही एक हट्ट दिसतो. दुसऱ्यात कधीकधी दोषच हट्टाने जपल्यासारखे वाटतात. आम्ही चाहत्यांनी 'वेडा गेम, वेडा गेम' म्हणत जे कौतुक केलं त्यात नाश्त्याचं लांब टेबल आणि वाईट नकाशा यांत फरक केला नाही. कोरा चहा यांनी वर तेच सांगितलं.

फरक कसा करायचा, यावर माझ्यापुरतं एक उदाहरण देतो. सिगॉर्नी. गावात हातात भांडं घेऊन भटकणारी म्हातारी. भांडं गार व्हायच्या आत मला घरी सोड, एवढंच तिचं मागणं. तिचं घर दूर, तुमची गाडी रांगणारी, ती शेजारी बसून भांड्याची काळजी करतेय. त्या भांड्यात काय आहे ते कळत नाही. गावाने तिला कधीच वेड्यात काढलंय. खुनाचा तपास अर्धवट टाकून एफबीआयचा माणूस तिला घरी पोहोचवतो, आणि गेम त्या प्रवासाला तितकाच वेळ देतो जितका त्याला खरोखर लागेल. गाडी वेगवान असती तर हा प्रसंग दीड मिनिटात उरकला असता. इथे संथपणा माझ्या कामी आला. नकाशा मात्र याही प्रसंगात आड आलाच, वळण चुकलं की भांडं गार.

तसंच ते सँडविच. गावातला श्रीमंत हॅरी, तोंडावर गॅस मास्क, व्हीलचेअरवर, त्याचं बोलणं त्याचा मदतनीस यमक जुळवून सांगतो. तो डायनरमध्ये टर्की, स्ट्रॉबेरी जॅम आणि सीरियल घातलेलं सँडविच मागवतो. 'पाप्याचं सँडविच' म्हणतात त्याला. यॉर्क आधी नाक मुरडतो, मग एक घास खातो आणि गप्प होतो. त्याला ते मनापासून आवडतं, आणि आपण हसलो याबद्दल तो माफीही मागतो. ज्याला लोक विक्षिप्त म्हणतात त्याची चव आधी घेऊन बघ, असं यॉर्कला वाटतं. म्हणून तर तो मला आवडतो. थॉमसच्या बाबतीत गेमने हाच स्वभाव सोडला, आणि म्हणून उंबरठा यांचा मुद्दा मला अधिक लागला.

पानगळ

सँडविचपर्यंत पोहोचले होते. तो प्रसंग चांगलाच आहे. पण दोन चांगल्या प्रसंगांच्या मध्ये गाडी चालवण्यात जी अर्धी रात्र जाते त्याचं काय? मला त्या अर्ध्या रात्रीत करण्यासारखं काहीच सापडलं नाही.

सातबारा

पानगळ यांनी माझ्या मनातलं लिहिलं. गाडीत बसलं की नुसता रस्ता आणि पाऊस.

रातकिडा

दोघांना एक विचारतो. गाडी चालवताना बोलण्याचं बटण दाबलं होतंत का? ते दाबलं की यॉर्क झॅकशी गप्पा मारायला लागतो. केसबद्दल बोलतो, गावातल्या माणसांबद्दल बोलतो, आणि बराच वेळ जुन्या सिनेमांबद्दल. कुठला दिग्दर्शक, कुठल्या साली, दोघांनी तो कसा पाहिला होता. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आलो त्या एकट्या मित्राशी माणूस बोलेल तसं. झॅक कोण हे शेवटी कळतं तेव्हा याच गप्पा आठवून मला रडू आलं होतं. ते लांब रस्ते या गप्पांसाठी आहेत, निदान मी तरी ते तसेच घेतले.

आणि एक साइड मिशन (मुख्य गोष्टीबाहेरचं काम) पूर्ण केलं की रेडिओ मिळतो, त्याने थेट हवं तिथे जाता येतं. माझी विनंती आहे, तो मिळाला तरी लगेच वापरू नका.

पानगळ

नाही दाबलं. माहीतच नव्हतं.

सातबारा

मीही नाही. कोपऱ्यात खूण येते ती पाहिली होती, पण माझी नजर सतत नकाशावर. पुढचं वळण चुकू नये या धसक्यात तिकडे लक्षच गेलं नाही. म्हणजे रातकिडा, ज्या गप्पांसाठी तुम्ही हा गेम जपून ठेवलाय त्या माझ्यापर्यंत पोहोचू दिल्या नाहीत त्या याच नकाशाने. माझे गुण तेवढ्यासाठी वाढणार नाहीत.

सेव्ह अजून आहे. इस्पितळाच्या पुढे, हॉटेलच्या वाटेवर सोडला होता. आज साडेदहाला लावतो आणि बटण दाबून गाडी चालवतो. वळणं चुकली तर चुकू देत.